चित्रपट धोरण आणि मराठवाडा

चित्रपट हा उद्योग, कला आणि लोकरंजनाचे साधन अशा तिन्ही नात्यांनी शासनाच्या कक्षेत येतो. कच्च्या फिल्मची आयात, चित्रपटांचे अभ्यवेक्षण म्हणजेच सेन्सॉर, तिकिटावरील कर, निर्मितीसाठी अर्थसाहाय्य व चित्रपटगृहांचे परवाने यांविषयी शासनाने वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांच्या समुच्चयास स्थूलमानाने चित्रपट धोरण असे म्हणता येईल. भारतात या धोरणाचा एकच एक कायदा कधी झाला नाही. परकीय चित्रपटसंस्थांचा दबाव, परकीय चलनाची टंचाई, महायुद्ध, भाषावार राज्यरचना आणि विलीन झालेल्या संस्थानांच्या जुन्या सीमा अशा अनेक कारणांनी ते तुकड्यातुकड्यांनी घडत गेले. त्याचे परीक्षण सामान्यतः मुंबई, कोल्हापूर वा मद्रास येथील निर्मितीच्या अंगाने केले जाते. तथापि धोरणाचे यशापयश निर्मितिकेंद्रापासून दूर असलेल्या चित्रपटगृहातच अधिक स्पष्टपणे दिसते. या दृष्टीने मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांचा परिसर विशेष अभ्यसनीय आहे. तो राज्याच्या दृष्टीने महाराष्ट्रात, चित्रपटव्यापाराच्या दृष्टीने मात्र दीर्घकाळ ‘निजाम’ क्षेत्रात राहिला.

घटनात्मक चौकट : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीने चित्रपटविषयक अधिकारांची वाटणी केली आहे. चित्रपटास प्रदर्शनाची मंजुरी देणे हा संघसूचीतील ६० व्या नोंदीचा विषय आहे. चित्रपटगृहे हा राज्यसूचीतील ३३ व्या नोंदीचा, तर करमणुकीवरील कर हा त्याच सूचीतील ६२ व्या नोंदीचा विषय होता. चित्रपटात काय दाखवावे हे केंद्राने, तो कोठे दाखवावा आणि तिकिटातून किती कर घ्यावा हे राज्याने ठरवावे, अशी ही विभागणी होती. परदेशी व्यापार व चलन केंद्राच्या हाती असल्याने कच्ची फिल्म किती यावी, हेही केंद्रच ठरवी. अशा रीतीने निर्मितीचा कच्चा माल एका शासनाकडे आणि उत्पन्नावरील कर दुसऱ्या शासनाकडे गेला. वितरणाकडे मात्र कोणत्याच शासनाचे विशेष लक्ष नव्हते. ते सर्वस्वी व्यापाऱ्यांच्या रूढींवर चालले. मराठवाड्याच्या बाबतीत हीच उणीव निर्णायक ठरली.

जागतिक प्रभाव : चित्रपट धोरणाचा पहिला व्यापक विचार परकीय स्पर्धेतून झाला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन चित्रपटांनी जगाच्या बाजारपेठा व्यापल्या. त्यास आळा घालण्यासाठी ब्रिटनने १९२७ मध्ये कायदा करून ब्रिटिश चित्रपटांसाठी राखीव हिस्सा ठरविला. साम्राज्यातील चित्रपटांना हिंदुस्थानातही झुकते माप मिळावे अशी अपेक्षा होती. त्या पार्श्वभूमीवर १९२७ मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. समितीने साम्राज्याच्या चित्रपटांना खास सवलत देण्याची कल्पना स्वीकारली नाही. देशी चित्रपटांना उत्तेजन देण्याकडे तिच्या शिफारशींचा रोख होता (१९२८). या शिफारशी बहुतांशी कागदावरच राहिल्या. मात्र चित्रपटावर कर घ्यावयाचा तर त्याच्या वाढीसाठीही काही करावे, हा विचार तेव्हापासून रूढ झाला.

दुसऱ्या महायुद्धकाळात कच्च्या फिल्मचे नियंत्रण आले आणि कथापटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित करण्यात आली. स्वातंत्र्यानंतर महायुद्धाच्या जागी परकीय चलनाची टंचाई आली. उटकमंड येथे कच्च्या फिल्मचा सरकारी कारखाना निघाला, तरी रंगीत फिल्मसाठी परदेशावरचे अवलंबित्व संपले नाही. या गोष्टीचा लहान गावांवर झालेला परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. चित्रपटाची प्रत्येक जादा प्रत म्हणजे आयात फिल्मचा व परकीय चलनाचा जादा खर्च. म्हणून प्रती मोजक्याच निघत. त्या प्रथम मोठ्या शहरांत लागत, नंतर जिल्ह्याच्या गावी आणि अखेरीस तालुक्याच्या गावी व तंबूत येत. चित्रपट खेड्यात पोहोचेतो त्याची प्रत झिजलेली असे, जोडलेल्या जागी दृश्ये तुटत, आवाज चिरका होई. दूरच्या देशात बनलेल्या एका वस्तूच्या टंचाईने मराठवाड्यातील प्रेक्षकाच्या वाट्याला येणारे चित्र असे ठरत होते.

अमेरिकन चित्रपटांविषयी केंद्राने कधी निर्बंधाचे, कधी तडजोडीचे धोरण अवलंबिले. अमेरिकन निर्यातदार संघटनेशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि नवा करार १९७५ मध्ये झाला. मधल्या काळात त्या चित्रपटांची आयात जवळजवळ थांबली होती. या वादाचा परिणाम महानगरांतील इंग्रजी चित्रपटगृहांवर झाला. नांदेड वा लातूर येथे मराठी चित्रपटाची खरी स्पर्धा हिंदीशी, आणि सीमाभागात तेलुगूशी होती. जागतिक स्पर्धेविरुद्ध राष्ट्रीय चित्रपटाचे संरक्षण करताना राष्ट्रांतर्गत स्पर्धेत लहान भाषांचे काय होते, हा प्रश्न केंद्रीय धोरणाने दीर्घकाळ विचारातच घेतला नाही.

निजाम वितरणक्षेत्र : भारतीय चित्रपटव्यापाराने बोलपटांच्या काळात देशाची विभागणी वितरणक्षेत्रांत केली. मुंबई, मध्य प्रांत-वऱ्हाड, निजाम, म्हैसूर, बंगाल, दिल्ली-उत्तर प्रदेश, पूर्व पंजाब ही त्यांपैकी प्रमुख होत. निर्माता प्रत्येक क्षेत्राचे हक्क ठराविक मुदतीसाठी वेगवेगळ्या वितरकांना विकतो आणि वितरक हमीरक्कम देऊन आपल्या क्षेत्रातील चित्रपटगृहांशी भाड्याने वा टक्केवारीने व्यवहार करतो, अशी ही पद्धती होती. क्षेत्रांच्या सीमा त्या काळच्या प्रांत-संस्थानांच्या होत्या. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे मराठी भाषिक जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे घटक झाले. लातूर जिल्हा उस्मानाबादपासून १९८२ मध्ये वेगळा झाला. राज्याचा नकाशा असा तीनदा बदलला. चित्रपटव्यापाराचा नकाशा मात्र बदलला नाही. मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकातील बीदर, गुलबर्गा, रायचूर हा प्रदेश मिळून होणारे ‘निजाम’ क्षेत्र संस्थान संपल्यानंतरही व्यापाऱ्यांच्या वहीत कायम राहिले.

याचा परिणाम असा, की मराठी चित्रपटाची मूळ बाजारपेठ असलेले एकच राज्य तीन वितरणक्षेत्रांत विभागले गेले. कोकण, पश्चिम महाराष्ट्र व नाशिककडील भाग मुंबई क्षेत्रात होता. विदर्भ व खानदेशचा भाग मध्य प्रांत-वऱ्हाड क्षेत्रात, आणि मराठवाडा निजाम क्षेत्रात. पहिल्या क्षेत्राचे केंद्र मुंबई, दुसऱ्याची केंद्रे भुसावळ, अमरावती व नागपूर, तर तिसऱ्याचे केंद्र हैदराबाद-सिकंदराबाद. हिंदी चित्रपटाच्या बाबतीत यात अडचण नव्हती, कारण तो सर्वच क्षेत्रांत चालणारा होता. तेलुगू चित्रपटास निजाम क्षेत्र घरचेच होते. मराठी चित्रपटास मात्र या क्षेत्राचा केवळ एक भाग उपयोगी होता, आणि त्याचा व्यवहार पाहणाऱ्या बाजारपेठेची भाषा मराठी नव्हती. साहजिकच मराठी चित्रपटाच्या हक्कांना येथे भाव कमी मिळे. भाव कमी म्हणून प्रती कमी, आणि प्रती कमी म्हणून उत्पन्न कमी, असे हे चक्र होते.

नांदेड व लातूर यांच्या दळणवळणात मोठा फरक होता, तरी हे चक्र दोघांनाही सारखेच लागू पडले. नांदेड हे मनमाड-सिकंदराबाद या मीटरमापी लोहमार्गावरील गाव. गोदावरीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या या मार्गाने ते हैदराबादशी सरळ जोडलेले होते. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट हे त्याचे तालुके तेलुगू भाषिक प्रदेशास भिडतात. येथे निजाम क्षेत्रात असणे निदान भौगोलिक दृष्ट्या समजण्यासारखे होते. लातूरचे तसे नव्हते. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंदमापी मार्गाने लातूर कुर्डुवाडीशी, म्हणजे सोलापूर-पुणे-मुंबईच्या बाजूशी जोडले गेले होते. शेजारचे सोलापूर मुंबई वितरणक्षेत्रात होते; लातूर मात्र संस्थानच्या हद्दीत असल्यामुळे निजाम क्षेत्रात. एका दिवसाच्या अंतरावरील दोन बाजारपेठांमध्ये वितरणाची भिंत अशी उभी राहिली, आणि तिला रस्ता वा भाषा नव्हे, तर केवळ इतिहास कारण होता.

संस्थानी राजवटीचा वारसा : विलीनीकरणापूर्वी चित्रपटविषयक ब्रिटिश कायदे हैदराबाद संस्थानास लागू नव्हते. त्यामुळे तेथील चित्रपटव्यवसाय दरबाराच्या मर्जीवर अवलंबून राहिला. धीरेन गांगुली यांनी १९२२ मध्ये हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी स्थापन केली आणि काही मूकपटही काढले. परंतु रझिया बेगम हा चित्रपट दाखविल्यामुळे दरबाराचा रोष ओढवला आणि १९२४ मध्ये त्यांना संस्थान सोडावे लागले. संस्थानची राजभाषा उर्दू होती. मराठी शाळा, ग्रंथालये व सभा यांना संकोचाने जगावे लागत होते. त्याच काळात कोल्हापूर, पुणे व मुंबई येथे मराठी चित्रपट बहरला. बाबूराव पेंटर यांची परंपरा, १९२९ मध्ये कोल्हापुरात निघून १९३३ मध्ये पुण्यास गेलेली प्रभात फिल्म कंपनी, अयोध्येचा राजा (१९३२) आणि व्हेनिस येथे गौरविला गेलेला संत तुकाराम (१९३६) ही त्या काळाची ठळक चिन्हे होत. मराठवाड्यात मराठी चित्रपटाचा प्रेक्षक होता. निर्मितिगृह, प्रयोगशाळा वा भांडवल यांपैकी काहीच नव्हते. महाराष्ट्रात येताना हा प्रदेश चित्रपटाच्या बाबतीत केवळ ग्राहक म्हणून आला.

राष्ट्रीय धोरणाची घडण : स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये अहवाल सादर केला. चित्रपटव्यवसायातील सट्टेबाज भांडवल, जबर कर व प्रशिक्षणाचा अभाव यांवर तिने बोट ठेवले. राष्ट्रीय पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले आणि आचार्य अत्रे यांच्या श्यामची आई या चित्रपटास पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. चित्रपट वित्त महामंडळ व पुण्याची चित्रपट शिक्षणसंस्था १९६० मध्ये, तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले. वित्त महामंडळाचे रूपांतर १९८० मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात झाले. त्याच वर्षी कन्नड साहित्यिक के. शिवराम कारंत यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने राष्ट्रीय चित्रपट धोरणाविषयीचा अहवाल दिला. देशात चित्रपटगृहेच अपुरी आहेत ही गोष्ट या चर्चेत पुढे आली आणि महामंडळाने चित्रपटगृहे बांधण्यासाठी कर्ज देण्याची योजनाही राबविली. निर्मितीबरोबर प्रदर्शनाकडे पाहणारा हा दृष्टिकोन योग्य होता. परंतु तो धोरणाच्या केंद्रस्थानी आला नाही. पुरस्कार, महोत्सव व निर्मितीसाठी कर्ज यांनाच प्राधान्य मिळत राहिले.

महाराष्ट्र राज्याचे धोरण : महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर १९६० च्या दशकात राज्य चित्रपट पुरस्कार सुरू झाले. परंतु पुरस्काराने उद्योग तगत नाही. मराठी चित्रपटास मुंबईतच हिंदीशी सामना द्यावा लागतो. एकच शहर दोन भाषांच्या चित्रपटांची राजधानी असण्याचा हा तोटा तमिळ वा बंगाली चित्रपटास सोसावा लागला नाही. दादा कोंडके यांच्या सोंगाड्या (१९७१) या चित्रपटास दादर येथे चित्रपटगृह मिळण्यासाठी जे आंदोलन झाले, त्याने मराठी चित्रपटाचा मूळ प्रश्न पडद्याचा आहे हे दाखवून दिले. त्यावर शासनाने शोधलेला उपाय मात्र निर्मितीचा होता. १९७५ मध्ये करमणूक कर परतावा योजना आली. तिच्या अन्वये मराठी चित्रपटावर वसूल झालेला कर, पुढील मराठी चित्रपट काढण्याच्या अटीवर, निर्मात्यास परत मिळू लागला. पुढे १९७७ मध्ये गोरेगावची चित्रनगरी आणि १९८० च्या दशकात कोल्हापूरची चित्रनगरी या संस्था आल्या.

या योजनेची तुलना फ्रान्सशी करणे उद्‌बोधक ठरेल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन चित्रपटांना दार उघडावे लागल्यावर फ्रान्सने १९४८ मध्ये तिकिटावरील आकारातून एक निधी उभारला. या निधीत सर्वच चित्रपटांच्या, म्हणजे अमेरिकन चित्रपटांच्याही, तिकिटांतून भर पडे आणि त्याचा लाभ फ्रेंच निर्माता व चित्रपटगृहाचा मालक या दोघांनाही मिळे. महाराष्ट्राच्या योजनेत मराठी चित्रपटाचाच कर मराठी निर्मात्याकडे परत जाई. हिंदी चित्रपटांच्या तिकिटांतून मिळणारा फार मोठा महसूल सर्वसाधारण तिजोरीत जमा होई. चित्रपटगृहाच्या मालकाला या व्यवस्थेत स्थानच नव्हते. कर्नाटकाने कन्नड चित्रपटास अनुदान दिले, आंध्र प्रदेशाने मद्रासमधील तेलुगू निर्माते हैदराबादेत यावेत म्हणून सवलती दिल्या. त्यामागे उद्योगाची जागा बदलण्याचा हेतू होता. महाराष्ट्रास तशी गरज वाटली नाही, कारण उद्योग राज्याच्या राजधानीतच होता. राजधानीबाहेरच्या प्रेक्षकाचा प्रश्न त्यामुळे धोरणाच्या चर्चेत आलाच नाही.

करपरताव्याचे मूल्यमापन : मराठी चित्रपटांची संख्या टिकविण्याचे व वाढविण्याचे श्रेय या योजनेस द्यावे लागेल. सामना (१९७५), जैत रे जैत (१९७७), सिंहासन (१९७९) यांसारख्या चित्रपटांमागे जे नवे बळ होते, ते ज्या काळात उभे राहिले त्याच काळातील ही योजना आहे. परंतु तिच्या रचनेतच एक मर्यादा होती. परतावा वसूल झालेल्या कराच्या प्रमाणात असल्याने जेथे तिकीट महाग व खेळ अधिक, तेथील उत्पन्नास महत्त्व आले. मुंबई-पुण्याच्या चित्रपटगृहातील एका आठवड्याने निर्मात्यास जेवढे मिळे, तेवढे लहान गावातील अनेक आठवड्यांनीही मिळत नसे. निर्मात्याने देगलूर वा उदगीरकडे अधिक प्रत पाठवावी, असे कोणतेही प्रलोभन योजनेत नव्हते. शिवाय यशस्वी चित्रपटास अधिक आणि अयशस्वी चित्रपटास अल्प लाभ मिळत असल्यामुळे, हमखास चालणाऱ्या ठशाची पुनरावृत्ती होण्याची प्रवृत्ती बळावली. तमाशापटांनंतर विनोदी चित्रपट आणि माहेरची साडी (१९९१) च्या विलक्षण यशानंतर कौटुंबिक अश्रुपट यांच्या लाटा आल्या. हे चित्रपट मराठवाड्यातही आवडीने पाहिले गेले, हे मान्य करावयास हवे. लोकांच्या आवडीस दोष देण्याचे कारण नाही. दोष असेल तर तो निवडीच्या अभावाचा. ज्या गावात वर्षभरात मोजकेच मराठी चित्रपट येतात, तेथे आवड पारखण्याची संधीच मिळत नाही.

फिरत्या चित्रपटगृहांनी ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. यात्रा-जत्रांतून व आठवडी बाजाराच्या गावांतून फिरणारे तंबू हे महाराष्ट्रातील ग्रामीण चित्रपटप्रदर्शनाचे महत्त्वाचे अंग होते. कायम चित्रपटगृह परवडत नाही अशा ठिकाणी त्यांनी मराठी चित्रपटास प्रेक्षक मिळवून दिला. दूरचित्रवाणी, व्हिडिओ व पुढे उपग्रह वाहिन्या यांच्या प्रसारानंतर तंबू ओस पडत गेले. एक स्वस्त प्रदर्शनव्यवस्था नाहीशी होत असता तिची जागा कशाने भरून निघावी, याचा विचार झाला नाही.

उदारीकरणानंतरचा काळ : १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाने चित्रपटव्यवसायाचे रूप पालटले. हॉलीवुडचे चित्रपट हिंदीत ध्वनिमुद्रित होऊन येऊ लागले. जुरासिक पार्क (१९९४) हे त्याचे ठळक उदाहरण. केंद्राने १९९८ मध्ये चित्रपटास उद्योगाचा दर्जा देण्याचे घोषित केले आणि बँकांचे कर्ज व मोठ्या कंपन्यांचे भांडवल यांचा मार्ग मोकळा झाला. महाराष्ट्राने २००१ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांना करमणूक करात मोठी सवलत देऊ केली. ही सवलत महानगरांतील नव्या बांधकामास पोषक होती. एकपडदा चित्रपटगृह चालविणारा जिल्ह्याच्या गावचा मालक मात्र कर भरत राहिला. ज्यांच्यापाशी भांडवल होते त्यांना करसवलत आणि ज्यांच्यापाशी नव्हते त्यांना करआकारणी, असे या धोरणाचे व्यवहारात रूप झाले.

मराठी चित्रपटास बहुपडदा गृहांत किमान खेळ द्यावेत अशी अट पुढे आली आणि २०१५ मध्ये दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत मराठी खेळ लावण्याचा निर्णय झाला. करपरताव्याऐवजी दर्जा पाहून थेट अनुदान देण्याची पद्धतीही रूढ झाली. एका टप्प्यावर ‘अ’ दर्जासाठी ४० लाख व ‘ब’ दर्जासाठी ३० लाख रुपये असे तिचे प्रमाण होते. श्वास (२००४) या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविल्यानंतर मराठी चित्रपटाची प्रतिष्ठा वाढली, यात संशय नाही. तरीही या सर्व उपायांत चित्रपट मोजले गेले. तो कोणत्या जिल्ह्यात, किती दिवस व किती दराने दाखविला गेला, हे मोजले गेले नाही.

सुमारे २००५ पासून उपग्रहाद्वारे चित्रपट थेट चित्रपटगृहात पोहोचविण्याची डिजिटल पद्धती आली. कच्च्या फिल्मची टंचाई, मोजक्या प्रती व झिजलेले चित्र हे सारे प्रश्न एका फटक्यात निकालात निघाले. पुण्यात व लातुरात एकाच शुक्रवारी तोच चित्रपट तितक्याच स्वच्छ रूपात दिसू लागला. प्रतीची टंचाई संपली तेव्हा खेळाच्या वेळेची टंचाई सुरू झाली. पूर्वी निर्मात्याकडे प्रती कमी असत. आता प्रती अमर्याद, पण पडदे थोडे. साऱ्या देशात हजारो पडद्यांवर एकाच दिवशी लागणारा मोठा चित्रपट आला, की मराठी चित्रपटास सकाळचा वा गैरसोयीचा खेळ उरतो आणि प्रेक्षक जमण्यापूर्वीच तो उतरतो. दक्षिण कोरियाने स्वदेशी चित्रपटांसाठी राखलेले वर्षाचे १४६ दिवस अमेरिकेशी व्यापारी वाटाघाटी करताना २००६ मध्ये ७३ वर आणले, तेव्हा तेथे मोठा विरोध झाला. पडद्यावरील दिवस हेच चित्रपट धोरणाचे खरे चलन आहे, ही जाणीव त्या वादाच्या मुळाशी होती.

सीमाप्रदेशाची बाजू : निजाम क्षेत्राकडे केवळ अडथळा म्हणून पाहणे एकांगी ठरेल. नांदेडचा प्रेक्षक मराठी, हिंदी, उर्दू व तेलुगू या भाषांच्या संगमावर वाढला आहे. लातूरच्या उदगीर, देवणी, निलंगा या तालुक्यांस बीदरच्या कन्नड प्रदेशाचे सान्निध्य आहे. बाहुबली (२०१५, २०१७), पुष्पा (२०२१), आरआरआर (२०२२) या तेलुगू चित्रपटांनी भाषांतरित रूपात देश जिंकला, तेव्हा नांदेडच्या सीमेवरील गावांना ती अपूर्वाई नव्हती. नागराज मंजुळे यांच्या सैराट (२०१६) मध्ये पळून गेलेले युगुल हैदराबाद गाठते. मुंबई-पुण्याऐवजी हैदराबादकडे जाणारी ही वाट सीमेलगतच्या प्रेक्षकाला ओळखीची वाटते. या चित्रपटाने मराठीत पूर्वी न झालेले उत्पन्न मिळविले आणि ग्रामीण महाराष्ट्र ही दुय्यम बाजारपेठ आहे हा समज खोटा ठरविला.

मराठवाड्याच्या बोलीस चित्रपटात मिळालेले स्थानही विचारात घ्यावे लागेल. मकरंद अनासपुरे यांच्या चित्रपटांमुळे ही बोली सर्वत्र पोहोचली, पण बहुधा विनोदाच्या अंगाने. चंद्रकांत कुलकर्णी व प्रशांत दळवी यांच्यासारखे औरंगाबादच्या नाट्यचळवळीतून आलेले कलावंत मुंबईस जाऊन स्थिरावले. लातूरचे रितेश देशमुख यांनी हिंदीत नाव मिळविल्यावर बालक पालक (२०१३) च्या निर्मितीने मराठीकडे मोहरा वळविला आणि लय भारी (२०१४), वेड (२०२२) यांना मोठा प्रेक्षक मिळाला. त्यांचेही कार्यक्षेत्र मुंबईच. माणसे मराठवाड्याची आणि उद्योग मुंबईचा, ही विभागणी १९६० नंतर फारशी बदललेली नाही.

करव्यवस्थेतील बदल : १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाला. तत्पूर्वीच्या घटनादुरुस्तीने ६२ व्या नोंदीतील करमणूक कराचा अधिकार स्थानिक संस्थांपुरता उरला. महाराष्ट्रात मराठी चित्रपटास मिळणारी करमाफी त्याबरोबर संपुष्टात आली. प्रारंभी १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ व त्यापुढे २८ टक्के असलेला कर १ जानेवारी २०१९ पासून अनुक्रमे १२ व १८ टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर ५ टक्क्यांवर आला. हा बदल लहान गावांच्या हिताचा आहे, कारण स्वस्त तिकीट तेथेच अधिक विकले जाते. परंतु करसवलत हे राज्याचे जुने साधन आता राज्याच्या हाती एकट्याने राहिलेले नाही. दरम्यान करोना महासाथीत मार्च २०२० पासून चित्रपटगृहे बंद पडली आणि महाराष्ट्रात ती सातत्याने सुरू होण्यास ऑक्टोबर २०२१ उजाडला. या काळात घरबसल्या चित्रपट पाहण्याची सवय वाढली आणि एकपडदा गृहांची स्थिती अधिकच बिकट झाली.

समालोचन : महाराष्ट्रातील प्रादेशिक अनुशेषाची मोजदाद वि. म. दांडेकर समितीने (१९८४) रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत केली. चित्रपटाचा पडदा त्या हिशेबात नव्हता. तहानलेल्या प्रदेशात तो नसावा हे स्वाभाविकही होते. तथापि आपल्या भाषेतील कलाकृती परवडणाऱ्या दरात पाहावयास मिळणे हा सांस्कृतिक जीवनाचा भाग आहे, आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होत असेल, तर तो कोठवर पोहोचतो हे विचारणे प्रस्तुत ठरते. परकीय स्पर्धेला तोंड देण्यासाठी राष्ट्रीय धोरण झाले, हिंदीच्या स्पर्धेला तोंड देण्यासाठी राज्याचे धोरण झाले. दोन्ही धोरणांनी निर्मात्यास साहाय्य केले आणि प्रेक्षक आपोआप लाभेल असे गृहीत धरले. मध्ये वितरणाची जी व्यवस्था होती, तिच्या सीमा बरखास्त झालेल्या संस्थानच्या होत्या. व्यापारी पत्रकांतून नांदेडचे उत्पन्न हैदराबादच्याच रकान्यात दाखविण्याची प्रथा हा त्याचा पुरावा आहे.

यावरून काही निष्कर्ष निघतात. अनुदानाचा काही अंश चित्रपटाच्या दर्जाबरोबर त्याच्या जिल्हावार प्रदर्शनाशी जोडला, तर निर्मात्यास दूरच्या गावी जाण्याचे कारण मिळेल. तालुक्याच्या गावी लहान आसनसंख्येचे, कमी खर्चाचे चित्रपटगृह चालविणाऱ्यास साहाय्य मिळाले, तर तंबूंनी सोडलेली जागा भरून निघेल. जिल्हावार खेळांची नोंद प्रसिद्ध झाली, तर धोरणाचे फलित पडताळता येईल. यांपैकी कोणतीही गोष्ट नवीन भाषेच्या वा नव्या चित्रनगरीच्या उभारणीइतकी खर्चिक नाही. मराठी चित्रपटाने परदेशांतील महोत्सवांत मिळविलेली कीर्ती अभिमानास्पद आहे; परंतु तो चित्रपट किनवट वा निलंगा येथील प्रेक्षकाला त्याच्या गावात, सोयीच्या वेळी आणि खिशाला परवडेल अशा दरात पाहावयास मिळाला की नाही, हीच महाराष्ट्राच्या चित्रपट धोरणाची खरी कसोटी होय.